वीण वाचता आली पाहिजे

नमस्कार श्रोतेहो.

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी काढली आहे, त्यांना स्वेटरचं महत्त्व मी सांगायला नको. पुण्या-मुंबईचे पाहुणे डिसेंबरात कार्याला येतात ते एक पातळ शाल घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच घरातल्या कुणाचा तरी स्वेटर चढवून चहाला बसतात. बाहेर धुकं असं असतं की समोरचं फाटक दिसत नाही. मी इथे ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात राहते. गेली बत्तीस वर्षं विणकाम आणि क्रोशाकाम शिकवते, नवे नमुने तयार करते आणि लोकांचे जुने, विरलेले, कसर लागलेले स्वेटर दुरुस्त करून देते. कामं तीन, पण तिन्हीत उपयोगी पडते ती एकच गोष्ट, आणि तिच्याबद्दलच मला आज बोलायचंय. विणलेलं वाचता आलं पाहिजे.

माझ्या वर्गात दोन भाषा चालतात. मराठी घरांतल्या मुली सुई आणि टाका म्हणतात, सुलट-उलट म्हणतात. बाकीच्यांची सलाई आणि फंदा, सीधा-उल्टा. चार दिवसांत सगळं एक होतं आणि मग ऐकू येतं, “काकू, माझ्या सुईवरून एक फंदा निसटला हो!” असा आवाज आला की मला बरं वाटतं, कारण खरं शिकणं तिथून सुरू होतं.

हल्ली मुली फोन उभा करून ठेवतात. त्यात एक बाई विणत असते, तिच्या बरोबरीने ह्या विणतात. हातही लवकर बसतो, ते मला मान्य आहे. पण फोनमधली बाई चुकत नाही, त्यामुळे चुकल्यावर काय करायचं हे तिच्याकडून कळत नाही. टाका निसटला की मुलगी घाबरते आणि अख्खं काम उसवून टाकते. म्हणून पहिल्या आठवड्यात मी वीस टाक्यांची पट्टी विणायला लावते, आणि ती वीतभर झाली की मधला एक टाका मीच सुईवरून खाली सोडते. मुली “अहो, अहो” करतात. टाका एकेक ओळ सुटत खाली जातो आणि मागे शिडीसारखे आडवे धागे राहतात. मग क्रोशाची सुई घ्यायची, सर्वांत खालच्या मोकळ्या टाक्यात घालायची, वरचा आडवा धागा धरून आतून ओढायचा, की एक पायरी वर. परत पुढची. वीस पायऱ्या चढून टाका सुईवर परत आला की कुठे निसटला होता ते शोधूनही सापडत नाही.

त्या वेळी मी मुलींना टाका नीट बघायला सांगते. सुलट बाजूने तो लहानशा चिमट्यासारखा दिसतो, दोन पाय खाली जुळलेले. पट्टी उलटी केली की तोच टाका आडव्या दाण्यासारखा. सुलट आणि उलट हे दोन निराळे टाके नाहीतच, एकाच टाक्याचं तोंड आणि पाठ आहे. हे एकदा डोळ्यांत बसलं की कागदावरचा नमुना फक्त आठवणीपुरता लागतो. आपण कुठल्या ओळीवर आहोत, मागच्या ओळीला काय केलं होतं, ते हातातलं कामच सांगतं.

आता मापाबद्दल. माझ्याकडे येणारी सगळ्यांत मोठी तक्रार म्हणजे “काकू, अगदी लिहिल्याप्रमाणे विणलं, पण ह्यांचा स्वेटर दोन माणसं मावतील एवढा झाला.” आधी माप काढायला लहानसा चौकोन विणला होता का विचारलं की उत्तर येत नाही. मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया घेतल्या तर साधारणपणे १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके बसतात. छाती १०० सेंटीमीटर हवी तर टाके २२०. पण तुमचा हात सैल असेल आणि त्याच १० सेंटीमीटरमध्ये २०च टाके बसत असतील, तर तेच २२० टाके ११० सेंटीमीटर होतात. दोन टाक्यांचा फरक आणि स्वेटर चार बोटं नाही, चांगला वीतभर... नाही, वीतभर म्हणणं जास्त होईल, पण जवळजवळ अर्ध्या वितीने मोठा. हात सैल असणं हा दोष नाही, ज्याचा त्याचा हात असतो. एक नंबर बारीक सुई घ्यायची. आपल्याकडचे सुयांचे नंबर उलटे चालतात हे मात्र लक्षात ठेवा: नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. १० नंबर सव्वातीन मिलिमीटरची, १२ नंबर पावणेतीनची.

नवा नमुना करताना मी आधी माणूस बघते, वीण नंतर. वाकून चालणाऱ्या आजोबांना बाजारातला स्वेटर मागून वर चढतो आणि पुढे पोटावर गोळा होतो. त्यांची कंबर उघडी पडते आणि घरातले म्हणतात, सारखे कुडकुडतात. त्यांच्यासाठी पाठीच्या भागात मध्येच काही ओळी अर्ध्याच विणून परत फिरायचं, म्हणजे पाठ पुढच्या भागापेक्षा लांब होते. कामाला फार तर एक संध्याकाळ जास्त लागते. ज्यांची बोटं संधिवाताने आखडलीत अशा आजींना पुढून उघडा स्वेटर आणि मोठी बटणं. बाळंतविडा करायला बसलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला कळकळीने सांगते: टोपरं, झबलं, कुंची, मोजे, काय हवं ते करा, पण दुपट्याला मोठ्या भोकांची जाळी घेऊ नका. बाळाची बोटं तीत अडकतात. हातमोज्यांच्या आतली बाजू बोट फिरवून तपासा, एकही धागा लोंबता ठेवू नका. बोटाला धागा गुंडाळला गेला तर बाळाला सांगता येत नाही.

पैशाचं बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो, पण बोलते. मघाच्याच मापाचा स्वेटर घ्या. १० सेंटीमीटरमध्ये ३० ओळी, उंची ६० सेंटीमीटर, म्हणजे १८० ओळी. २२० गुणिले १८०, ३९,६०० टाके झाले. गळ्याची-मुंड्याची थोडी वजाबाकी होईल, पण बाह्या यात धरलेल्याच नाहीत. सराईत हाताने मिनिटाला २५ टाके धरले तरी सव्वीस तासांच्या वर. आणि विणणाऱ्या बाईला विचारलं जातं, “लोकरीचे किती झाले?” जणू लोकर आपण होऊन स्वेटर झाली. क्रोशाचं तर आणखी आहे. सुयांवरच्या विणीसारखं कापड मशीन सरसकट काढतं, पण खरं क्रोशाकाम करणारं मशीन अजून बाजारात नाही. दुकानात टांगलेला क्रोशाचा टॉप कितीही स्वस्त असो, तो साखळी-साखळीने, खांबा-खांबाने, म्हणजे एकेक टाका घालून कुणीतरी हातानेच केलेला असतो. आंध्रातल्या नरसापूरच्या भागात दीडशेहून अधिक वर्षं बायका क्रोशाची लेस करत आल्या आहेत. परदेशी गेलेली ती लेस व्यापार म्हणून मोजली गेली आणि करणाऱ्या बायका ‘घरीच असतात’ म्हणून मोजल्या गेल्या. रुखवतात मांडलेल्या रुमालांकडे बघताना मला हे आठवतं. माझ्या विद्यार्थिनी पहिली ऑर्डर घेतात तेव्हा मी त्यांच्या वहीत तास लिहायला लावते. दर किती लावायचा ते त्यांचं त्यांनी ठरवावं, पण तास लिहिलेच पाहिजेत.

दुरुस्तीकडे येते. हे काम मला सर्वांत जवळचं आहे.

फार वर्षांपूर्वी एक मुलगी आईचा स्वेटर घेऊन आली. आई गेलेली. पुढच्या भागात विणीतच पिळलेल्या दोन वेण्या होत्या, आणि एके ठिकाणी कसरीने भोक पाडलं होतं. भोक बुजवता बुजवता मला दिसलं की थोडं वर डाव्या वेणीचा एक पीळ उलट्या बाजूला पडलाय. मी तेवढे टाके सोडून तो पीळ सरळ केला. दोन तासांचं काम आपणहून जास्तीचं केलं. मुलगी स्वेटर न्यायला आली, भोकाची जागा तिने पाहिलीच नाही. ती बोटाने वेणी चाचपत राहिली आणि म्हणाली, “काकू, इथे एक चूक होती.” लहानपणी आईच्या मांडीवर बसून ती त्या पिळाशी खेळायची. मी तो पुन्हा उलटा करून दिला, पण तो पीळ आता माझा होता. तेव्हापासून कुठलीही चूक दिसली की मी आधी विचारते.

गेल्या हिवाळ्यात पासष्टीचे एक गृहस्थ मरून रंगाचा स्वेटर घेऊन आले. आईने विणलेला, त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी. कोपर विरलेला, मनगटाची पट्टी झिजून दोरे दोरे झालेली. मी म्हटलं, बाही मनगटाकडून वर विणली आहे, त्यामुळे खालून ती सुखासुखी उसवणार नाही. पट्टीच्या वर एक टाका कापायचा, त्या ओळीचा धागा काढून घ्यायचा, पट्टी सुटी होईल, मोकळे झालेले टाके सुईवर घेऊन खाली नवी पट्टी विणायची. कात्रीचं नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला. “ताई, कापणार तुम्ही?” म्हटलं, एकच टाका. बसा समोर.

ते बसून राहिले. मी कोपराचं ठिगळ विणायला घेतलं तर ते जुन्या विणीत मिसळेचना. माझी वीण सारखी येत होती आणि त्यांच्या आईच्या विणीत दोन-दोन ओळींच्या आडव्या रेघा होत्या. उजेडात धरून पाहिलं तेव्हा उमगलं की त्या आईंचा उलट ओळींचा हात सुलटपेक्षा सैल होता. पुष्कळ जणींचा असतो. मग मी एक सुई १० नंबरची घेतली, दुसरी ९ची, आणि उलट ओळ जाड सुईवर येईल अशी विणू लागले. चार ओळींत ती रेघ उमटली. त्यांना दाखवलं, त्यांनी हात लावून पाहिला.

लोकरीचा प्रश्न राहिलाच होता. नवी मरून लोकर कितीही जुळवून आणा, चाळीस वर्षं धुतलेल्या रंगाशेजारी ती ओरडते. अशा वेळी मी आतल्या खिशाचा किंवा शिवणीतला धागा काढते. म्हणून बगलेची शिवण उलटून पाहिली. तिथे आतून, चार सैल टाक्यांनी अडकवलेली, मरून लोकरीची एक लहानशी लडी होती. स्वेटरबरोबरच धुतली गेलेली, स्वेटरइतकीच फिकी झालेली. त्या बाईंनी ती पुढच्या दुरुस्तीसाठी ठेवली होती.

कोपराला आणि मनगटाला ती पुरली. हातभर उरली, ती मी परत तशीच गुंडाळून त्याच शिवणीत टाचून दिली.

नमस्कार.