एकाच बाईची दोन मतं

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मराठीत 'मत' हा एकच शब्द आपण दोन कामांना वापरतो. मनात असते तेही मत आणि यंत्राचे बटण दाबून देतो तेही मत. त्यामुळे एक समजूत आपसूक रुजते, की गर्भपाताबद्दल बाईच्या मनात जे असेल तेच तिच्या मतदानात उतरणार. अमेरिकेत २०२२पासून ही समजूत पुन्हा पुन्हा तपासून झाली आहे, म्हणून तिथून सुरुवात करू.

२४ जून २०२२ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला देशभर घटनात्मक संरक्षण देणारा १९७३चा 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द केला आणि गर्भपाताचा कायदा राज्यांच्या हवाली केला. सहा आठवडेही उलटले नव्हते, तोच २ ऑगस्टला कॅन्ससमध्ये सार्वमत झाले. राज्याच्या घटनेतले गर्भपाताचे संरक्षण काढून टाकायचे का, असा प्रश्न होता. ५९ टक्के लोकांनी 'नाही' म्हटले. २०२०मध्ये ट्रम्प यांना ५६ टक्के मते देणारे राज्य ते हेच.

पुढे नोव्हेंबर २०२४मध्ये दहा राज्यांत गर्भपाताचा प्रश्न मतपत्रिकेवर होता आणि त्याच दिवशी अध्यक्षाचीही निवड होती. सात राज्यांत हक्काच्या बाजूने कौल लागला. फ्लोरिडात ५७ टक्के मिळूनही प्रस्ताव पडला, कारण तिथे ६० टक्क्यांची अट आहे. ॲरिझोनाचे गणित मात्र कागदावर मांडून बघा. गर्भपाताच्या हक्काला ६१.६ टक्के, ट्रम्प यांना ५२.२ टक्के. बेरीज ११३.८. शंभर मतदारांना एका प्रश्नावर एकेकच मत असते, तेव्हा बेरीज शंभराच्या वर जाईल तितकी माणसे दोन्हीकडे असलीच पाहिजेत. म्हणजे शंभरातले निदान तेरा-चौदा जण हक्कालाही 'हो' म्हणाले आणि ट्रम्प यांनाही. काही जण एखादा रकाना कोरा सोडतात, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, एवढेच. मिसुरीत ५१.६ अधिक ५८.५, तिथेही दहाच्या आसपास. यासाठी कुठल्याही सर्वेक्षणाची गरज नाही, शाळेतली बेरीज पुरते.

आता बाई-पुरुष हा भाग. जनमत अजमावणाऱ्या अमेरिकेतल्या प्यू संस्थेच्या २०२४च्या पाहणीत 'गर्भपात सर्व किंवा बहुतेक प्रसंगी कायदेशीर असावा' असे म्हणणाऱ्या स्त्रिया ६४ टक्के होत्या आणि पुरुष ६१. फरक तीनाचा. मतदानोत्तर चाचणीत मात्र ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी हॅरिस यांना स्त्रियांची ५३ टक्के मते दिसतात आणि ट्रम्प यांना पुरुषांची ५५ टक्के, स्त्रियांची ४५. म्हणजे ट्रम्प यांच्या बाबतीत दहाचा फरक. तीनातून दहा निघत नाहीत. ही दरी १९८०पासून चालत आली आहे. सरकारी आधार, आरोग्य, युद्ध, बंदुका अशा बऱ्याच गोष्टींवर स्त्रिया आणि पुरुष वेगळे विचार करतात आणि गर्भपात त्यांतला एक. शिवाय 'स्त्रिया' हा एक गट नाहीच. त्याच चाचणीत गोऱ्या स्त्रियांपैकी ५३ टक्के ट्रम्प यांच्याकडे होत्या आणि काळ्या स्त्रियांपैकी दहातल्या नऊ हॅरिस यांच्याकडे. वंशाची दरी लिंगाच्या दरीपेक्षा कितीतरी रुंद निघाली. आपल्याकडे जातीचे तेच होते, हे नागपूरकरांना समजावून सांगायची गरज नाही.

आणखी एक आकडा. २०२२मध्ये 'मत देताना सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता' याला २७ टक्के मतदारांनी 'गर्भपात' म्हटले होते, २०२४मध्ये १४ टक्क्यांनी. माझ्या मते एक कारण असे, की जिथे या प्रश्नाला स्वतंत्र रकाना मिळाला तिथे बाईने तो तिथल्या तिथे सोडवला आणि उमेदवार निवडताना महागाईकडे बघायला ती मोकळी झाली.

आपल्याकडे असा रकाना कधी आलाच नाही. कारण आपला कायदा चळवळीने मागून घेतलेला नाही. शांतिलाल शहा समितीने १९६६मध्ये शिफारस केली, १९७१मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा झाला, १ एप्रिल १९७२पासून लागू झाला. पाठीमागे माता-मृत्यूची काळजी होती आणि लोकसंख्येचीही. जे मागितले नाही ते जपण्यासाठी मत द्यायचे, ही कल्पनाच रुजली नाही. २०२१च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' हे शब्द जाऊन 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे झाले. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, ठरावीक प्रकरणांत चोवीसपर्यंत दोघांचे लागते. सज्ञान बाईची स्वतःचीच संमती लागते, नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. तरी ती मागितली जाते. पण या सहीवर एखादा उमेदवार प्रचारसभेत बोलल्याचे ऐकले आहे का कोणी?

प्रजननाने भारतात निवडणूक हलवली ती १९७७मध्ये, आणि तीही पुरुषांच्या नसबंदीवरून. आणीबाणीच्या १९७६-७७ या वर्षात ८० लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष होते. उत्तरेत काँग्रेस झोपली. नागपूरने मात्र काँग्रेसचाच खासदार दिला, तेव्हा हे सूत्रही सगळीकडे सारखे लागू करू नका.

याच शहरात १८ ते २० जुलै १९४२ला दलित महिलांची परिषद भरली होती. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे संततिनियमनावर बोलल्या, आणि डॉ. आंबेडकरांनी लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, असे सांगितले. मांडवातल्या बहुतेकींना तेव्हा मताचा हक्क नव्हता, तो मालमत्ता आणि शिक्षण पाहून मिळे. दहा वर्षांनी सर्वांना मिळाला, तर देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको' एवढेच सांगितले होते.

आता मोजायचे कसे, ते बघू. मतदान केंद्रात यादीवर बाईच्या नावाला वेगळी खूण होते, म्हणून किती बायका आल्या हे कळते. कोणाला दिले, हे यंत्र सांगत नाही. 'बायकांनी अमक्याला निवडून आणले' हे प्रत्येक वाक्य सर्वेक्षणातूनच येते. हजार जणांचा नमुना असेल तर चूक साधारण ३.१ टक्के इकडेतिकडे. त्यातल्या पाचशे बायका वेगळ्या काढल्या की ४.४. बायका आणि पुरुष यांच्यातला फरक काढला की ६.२. म्हणजे पाच टक्क्यांची 'दरी' मथळ्यात छापली, तर ती असेलच असे नाही. साठ मुस्लीम शहरी बायकांवरून काढलेल्या निष्कर्षाला बारा-तेराची चूक लागते, पण रात्री वाहिनीवर हे कोण सांगतो?

नमुन्यापेक्षा जास्त घोटाळा प्रश्नात होतो. 'गर्भपाताला तुमचा पाठिंबा आहे का?' असे विचारले, तर 'नाही बाई, पाप आहे.' 'तिसरे नको असेल तर पिशवी साफ करता यावी का?' असे विचारले, तर 'हो, त्यात काय!' शिवाय सोनोग्राफी केंद्रांबाहेर लिंगनिदान होत नसल्याचा फलक वर्षानुवर्षे वाचून अनेकींना गर्भपातच बेकायदा वाटतो. लिंगनिदान बंदीचा कायदा १९९४चा आहे, महाराष्ट्राने तर तो १९८८मध्येच केला होता. तो हवाच, २०११च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुलीच होत्या. पण बंदी निदानाला आहे, गर्भपाताला नव्हे.

सासू शेजारी बसली असेल तर उत्तर सासूचे मिळते. म्हणून प्रश्न विचारणारी बाईच असावी, दुपारची जेवणे उरकल्यावर जावे, आणि पक्षाचा प्रश्न तोंडी न विचारता नकली मतपत्रिका घडी घालून पेटीत टाकायला द्यावी. आणि मुद्द्याचा प्रश्न पक्षाच्या प्रश्नाच्या आधी विचारू नये, नाहीतर पक्ष त्याच मुद्द्यावरून निवडला जातो.

लाडकी बहीणचा उल्लेख झालाच पाहिजे, कारण प्रश्नोत्तरांत तो येणारच. महिन्याला १५०० रुपये, वय २१ ते ६५. विधानसभेला महिलांचे मतदान २०१९मधल्या ५९.२६ टक्क्यांवरून २०२४मध्ये ६५.२२ वर गेले. पण पुरुषांचेही वाढले आणि ६६.८४ वर, म्हणजे बायकांच्या पुढेच राहिले. पैशाने बाई केंद्रापर्यंत आली, असे यावरून फार तर सुचते. आत जाऊन तिने काय केले, ते या आकड्यांत नाही.