हिरवा डाग आणि खुंटाला बांधलेलं चुंबक

(हातात काळी चकती)

नमस्कार जालनेकर मंडळी. ही चकती बघा. रुपयाच्या नाण्याएवढी, काळी कुळकुळीत. इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन, एवढंच हिच्यात आहे. पुरेशी थंड केली की हिच्यातून वीज कसलाही विरोध न होता वाहते. हिला सुपरकंडक्टर म्हणतात, मराठीत अतिवाहक.

पुरेशी थंड म्हणजे उणे १८१ अंशांच्या खाली. एवढी थंडी आपल्याकडं कुठली, असं वाटेल. पण गाय भरवायला जनावरांच्या दवाखान्यात नेली असेल तर आठवा. डॉक्टर ज्या कॅनमधून कांडी काढतात आणि पांढरा धूर उठतो, त्यात द्रवरूप नायट्रोजन असतो, उणे १९६ अंशांचा. मराठवाड्यातल्या गावागावांत तो पोचलाय.

१९११ साली नेदरलँड्समधल्या लायडनला शास्त्रज्ञ कामरलिंग ओन्नेस यांना पाऱ्यात हा गुण सापडला, तेव्हा उणे २६९ अंश लागले होते, आणि त्यासाठी द्रवरूप हेलियम. १९८७ साली हा काळा पदार्थ आला आणि नायट्रोजनवर भागायला लागलं. बातम्या होतात त्या या आकड्यांच्या. मला मात्र भट्टीबद्दल बोलायचंय, कारण घटक तेच ठेवूनही भट्टी चुकली की चकती वाया जाते.

मी छत्रपती संभाजीनगरात एमएस्सीला होतो. इट्रियम, बेरियम आणि तांब्याचे अणू १:२:३ या प्रमाणात येतील अशी पावडर मोजायची, खलात तासन् तास घोटायची, ९०० अंशांच्या वर भाजायची, दाबून चकती करायची, पुन्हा भाजायची. एका रात्री चकती थंड होत असताना लाईट गेली. भट्टी लहान होती, भराभर निवली. सकाळी नायट्रोजन ओतला, वर चुंबक ठेवलं. चकती अतिवाहक झाली असती तर ते वर तरंगलं असतं. ढिम्म हललं नाही.

काय झालं होतं? या पदार्थाच्या सूत्रात ऑक्सिजनचे अणू सातच्या जवळ लागतात. भट्टीच्या कडक उष्णतेत हा पदार्थ ऑक्सिजन सोडून देतो, आणि निवताना ५०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात परत ओढून घेतो. तिथं त्याला वेळ द्यावा लागतो. घाई केली की आकडा सहाकडं घसरतो, आणि सहावर तो वीज अडवणारा पदार्थ होऊन बसतो. आम्ही तीच चकती पुन्हा तापवली, ऑक्सिजनचा प्रवाह सोडला, रात्रभर हळूहळू निवू दिली. दुसऱ्या दिवशी चुंबक तरंगलं! तो क्षण मला अजून तसाच आठवतो.

आता हिरव्या डागाकडं येतो. घोटणं कमी पडलं की काळ्या चकतीवर हिरवे ठिपके दिसायचे. तो वेगळाच पदार्थ, सुपरकंडक्टर नसलेला. आम्ही अशा चकत्या बाजूला टाकायचो. पुढं कळलं की चांगल्या चकतीत हाच हिरवा पदार्थ मुद्दाम घालतात.

असं बघा. जोराच्या चुंबकाजवळ नेलं की चुंबकीय क्षेत्र या पदार्थात बारीक दोऱ्यांसारखं शिरतं. वीज सोडली की ती या दोऱ्यांना ढकलते. दोरे सरकले की उष्णता होते, आणि विरोध नसण्याचा फायदाच जातो. मोकळं सुटलेलं जनावर पिकात शिरावं तसं. त्याला खुंट पाहिजे. हिरवा कण हा तो खुंट. दोऱ्याला तिथं बसणं सोपं जातं, कारण तिथं मोडायला अतिवाहकता मुळातच नसते. कण जितके बारीक आणि सगळीकडं सारखे पसरलेले, तितकी पकड घट्ट. म्हणून चिमूटभर प्लॅटिनम घालून ते बारीक ठेवतात. पण गोठ्यात खुंटच खुंट ठोकले तर चालायला वाट राहत नाही. हिरवं फार झालं की वीज वाहणारा काळा भागच कमी होतो.

दुसरी अडचण दाण्यांची. आमच्या चकतीतले दाणे विस्कटलेल्या कडब्यासारखे, कुणाचं तोंड कुठंही. शेजारच्या दाण्याशी कोन दहा अंशांपुढं गेला की वीज पार होणं झपाट्यानं घटतं. म्हणून चकती १,००० अंशांच्या वर अर्धवट वितळवतात, डोक्यावर एक छोटा स्फटिक ठेवतात आणि तासाला एखादा अंश, कधी त्याहून सावकाश, निववतात. त्या स्फटिकाला बीच म्हणतात. जालन्याच्या माणसाला बियाणं काय असतं हे सांगायला नको. बी जसं बसलंय, तशी सगळी चकती उगवते, हिरवे कण पोटात घेऊन.

जालन्याच्या लोखंडाच्या धंद्याशीही याचं नातं आहे. एमआरआय मशीनमधली तार नायोबियम आणि टायटेनियमच्या मिश्रधातूची असते. ती ओढायची, तापवायची, पुन्हा ओढायची. तापवताना टायटेनियमचे बारीक कण वेगळे होतात, ओढताना चपटे होतात, आणि तेच तिथले खुंट.

(टेबलावर दुसरी चकती, बी ठेवून वाढवलेली)

ही विकत आणलेली. गॉगल घातलाय, हातमोजे आहेत, खिडक्या उघड्या आहेत. चकतीवर पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर चुंबक. नायट्रोजन ओततो. उकळणं थांबू द्या… आता पुठ्ठा काढतो. चिमट्यानं चकती उचलतो, आणि उलटी करतो.

बघा. चुंबक खाली लटकलंय, मधे बोटभर हवा, आणि पडत नाहीये.