डेटा जमवणाऱ्यांचं नाव कुठे लागतं?

(पडद्यावर एक लांब तक्ता, सावकाश वर सरकणारा.)

विषाणूंच्या जनुकक्रमांवर, म्हणजे त्यांच्या आनुवंशिक मजकुरातल्या अक्षरांच्या क्रमावर, लिहिलेल्या शोधनिबंधांच्या पुरवणीत असा तक्ता सापडतो. एक ओळ म्हणजे एक नमुना. आधी नोंदणी क्रमांक, मग नमुना जिथून आला त्या प्रयोगशाळेचं नाव, मग जनुकक्रम जगासाठी खुला करणाऱ्या प्रयोगशाळेचं नाव, आणि सगळ्यात शेवटी माणसांची नावं. ओळी शेकड्यांनी असतात, कधी हजारांनी. कोणी स्वॅब घेतला, कोणी मशीन चालवलं, कोणी तारीख आणि ठिकाण तपासून नोंद पक्की केली. यांतल्या काहींची नावं या तक्त्यात आहेत, अनेकांची इथेही नाहीत.

निबंधाच्या पहिल्या पानावरची नावं वेगळीच असतात. ती डेटा वापरणाऱ्यांची.

असे बरेचसे जनुकक्रम येतात ते जीआयएसएआयडी या मंचावरून. 2008 साली तो सुरू झाला इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंसाठी, आणि 2020 पासून कोविडचे जनुकक्रम त्याच्यावर येऊ लागले. इथला डेटा घेण्याआधी अटी मान्य कराव्या लागतात. नमुना देणाऱ्या आणि क्रम चढवणाऱ्या प्रयोगशाळांचा उल्लेख करायचा, ही एक अट. त्यांना बरोबर घेऊन काम करण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा, ही दुसरी. पहिली अट तक्ता जोडला की भागते. दुसरी पाळली की नाही, हे निबंध वाचून कळायला मार्ग नसतो.

मग तक्त्यातल्या प्रत्येकाला लेखक करायचं का? आम्हाला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण नीट सांगायला हवं.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीएमजेई, लेखकपणासाठी चार अटी घालते. कामाच्या आखणीत किंवा डेटा मिळवण्यात, तपासण्यात, त्याचा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा. लिखाणात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग हवा. अंतिम मसुद्याला संमती हवी. आणि निबंधातल्या कोणत्याही भागावर प्रश्न उभा राहिला, तर त्याची शहानिशा होईल याची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. या चारही अटी एकाच माणसाने पुऱ्या करायच्या असतात. ज्याने मसुदा पाहिलाही नाही, त्याचं नाव लेखकांत घातलं, तर उद्या निबंध चुकीचा ठरल्यावर त्याची झळ त्यालाही लागते. न विचारता दिलेलं लेखकपद हा सन्मान नव्हे.

पण याच नियमांमध्ये पुढे एक वाक्य आहे, आणि ते फार कमी वेळा उच्चारलं जातं. पहिली अट जो पुरी करतो, त्याला बाकीच्या अटी पुऱ्या करण्याची संधी मिळालीच पाहिजे. डेटा मिळवण्यात ज्याचा भरीव वाटा आहे त्याला मसुदाच दाखवायचा नाही, आणि मग म्हणायचं की यांनी संमती कुठे दिली, म्हणून हे लेखक नाहीत; या पळवाटेसाठी हे निकष नाहीत, असं समितीने स्पष्ट लिहून ठेवलं आहे. एकाच प्रकल्पातल्या सहकाऱ्यांना हे सरळ लागू होतं. दूरवरून डेटा उतरवून घेणाऱ्यानेही ते वाचावं. एखाद्या नोंदीत काय गफलत आहे, कुठलं मोजमाप विश्वासाचं नाही, हे ज्याला विचारल्याशिवाय तुमचं पान पुढे सरकलं नसतं, तो त्या क्षणी नुसता डेटा पुरवणारा उरलेला नसतो.

(कोरीव चित्र, जुन्या ग्रंथाचं मुखपृष्ठ.)

हा पेच संगणकाहून जुना आहे. टायको ब्राहेने दुर्बिणीच्या आधीच्या काळात ग्रहांचे वेध इतके बारकाईने घेतले, की मंगळाच्या जागेत फक्त 8 कलांचा फरक पडतो म्हणून योहानेस केपलरने आपली आधीची मांडणी टाकून दिली. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. त्या 8 कलांवर विश्वास ठेवला म्हणून पुढे लंबवर्तुळाकार कक्षा हाती आली. 1601 साली टायको वारला, आणि त्याच्या वेधांवर हक्क कोणाचा यावरून केपलर आणि टायकोचे वारस यांच्यात वर्षानुवर्षं ओढाताण चालली.

1627 साली केपलरने ग्रहांची कोष्टकं छापली, तीच ही रुडॉल्फाइन कोष्टकं. मुखपृष्ठावर खगोलशास्त्राचं मंदिर आहे. मंदिरात टायको उभा, कोपर्निकसशी बोलतो आहे. केपलर कुठे आहे? खाली, पायथ्याच्या एका चौकटीत, मेणबत्तीच्या उजेडात गणित करत बसलेला. वेध घेणारा वर, वेध वापरणारा खाली. पण वेध वापरणाऱ्याचं काम दुय्यम होतं असं म्हणायला आज कोणीही धजावणार नाही.

तरीही 2016 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या संपादकीयात एक भीती बोलून दाखवली गेली: दुसऱ्यांच्या डेटावर जगणारे ‘संशोधन-परजीवी’ तयार होतील. त्या लेखाचा आग्रह होता तो मूळ संशोधकांना सहलेखक करून, त्यांच्या सोबतीने काम करण्याचा. त्यामागची वेदना खरी आहे. वर्षानुवर्षं रुग्ण जोडायचे, त्यांच्या तपासण्या सांभाळायच्या, आणि डेटा खुला होताच त्याच्यावरचा पहिला निबंध तिसऱ्याच कोणाचा निघायचा, हे सोसणं सोपं नाही. पण परजीवी हा शब्द अन्यायाचा होता. पुढच्याच वर्षी काही शास्त्रज्ञांनी इतरांच्या डेटावर केलेल्या उत्तम कामासाठी ‘रिसर्च पॅरासाइट’ याच नावाने पुरस्कार सुरू केला.

वापरणाऱ्याचा आपल्या कामावर पूर्ण हक्क आहे, ही आमची भूमिका. आणि जमवणाऱ्याचं श्रेय जिथे मोजलं जातं, तिथेच लिहिलं गेलं पाहिजे.

प्रत्येक क्षेत्राने आपापली वाट काढली आहे. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पाने 1996 साली बर्म्युडात ठरवलं, की क्रम हाती आला की 24 तासांत खुला करायचा. गाया या अवकाश दुर्बिणीचा डेटा जाहीर होतो तो सगळ्यांसाठी एकाच वेळी, त्यावर कोणाचा राखीव काळ नाही. अल्झायमरवरच्या एडीएनआय या प्रकल्पाचा डेटा वापरला, तर लेखकांच्या नावांशेजारी प्रकल्पाचं नाव छापावं लागतं.

आम्हाला सगळ्यात पटली ती जीबीआयएफची पद्धत. प्राणी-वनस्पती कुठे दिसल्या, याच्या अब्जावधी नोंदी या मंचावर आहेत. तुम्ही एक पक्षी, एक प्रदेश, काही वर्षं निवडता आणि डाउनलोडचं बटण दाबता. फाइलबरोबर तुमच्या त्या निवडीला एक डीओआय मिळतो, म्हणजे कायमस्वरूपी ओळख-क्रमांक. त्या फाइलमध्ये कितीही ठिकाणांहून आलेल्या नोंदी असोत, त्यातला प्रत्येक मूळ डेटासेट त्या क्रमांकाला जोडलेला राहतो. हा क्रमांक निबंधाच्या संदर्भसूचीत लिहिला, की साखळी उलटी फिरते: एखाद्या छोट्या संग्रहालयाला आपल्या डेटासेटच्या पानावर दिसतं, की आपल्या नोंदी अमुक निबंधात वापरल्या गेल्या.

संदर्भसूचीत लिहिला, तरच. पुरवणीत, ऋणनिर्देशात किंवा तळटीपेत टाकलेला क्रमांक सायटेशन, म्हणजे कोणाच्या कामाचा संदर्भ किती वेळा दिला गेला हे, मोजणाऱ्या यंत्रणांच्या नजरेतून सहज निसटतो. डेटा वापरणाऱ्याने एवढी एक ओळ योग्य जागी टाकली, तरी कुणाच्या तरी बढतीच्या फाइलमध्ये फरक पडू शकतो. जीआयएसएआयडीवरही आता निवडलेल्या नोंदींच्या संचाला असा क्रमांक घेता येतो.

(प्रथिनाची फिरणारी त्रिमित रचना.)

1971 साली प्रोटीन डेटा बँक उघडली तेव्हा तिच्यात 7 रचना होत्या. आज त्या दोन लाखांच्या पुढे आहेत. यांतल्या बहुतेक रचनांमागे प्रथिन शुद्ध करणं, त्याचे स्फटिक वाढवणं, क्ष-किरणांनी बिंदू टिपणं, असं कधी महिन्यांचं तर कधी वर्षांचं काम. प्रथिनाची रचना संगणकावर वर्तवणारी अल्फाफोल्ड ही प्रणाली शिकली ती याच संग्रहावर. 2024 साली रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना अल्फाफोल्डसाठी मिळाला. तो त्यांचा हक्काचाच. पण ज्यांनी रचना जमा केल्या, त्या हजारोंना कुठलीही लेखकयादी सामावून घेऊ शकणार नाही. त्यांच्यासाठी दुसरी जागा लागेल.

ती जागा निवड समित्यांच्या हातात आहे. संशोधनाचं मूल्यमापन कसं व्हावं यावरचा ‘डोरा’ जाहीरनामा 2013 साली प्रसिद्ध झाला. निबंधांबरोबर डेटासेट आणि सॉफ्टवेअर यांचंही मोल धरा, असं त्यात लिहिलेलं आहे. ज्या संस्थांनी त्यावर सही केली आहे, त्यांनी आपला बढतीचा अर्ज काढून पाहावा: डेटासेटसाठी त्यात रकाना आहे का, आणि तो भरला तर त्याला गुण मिळतात का.