वाकायचं कुठून?

सगळे जण उभे राहा. आता तुमच्या खुब्याचा सांधा जिथं आहे, तिथं बोट ठेवा.

बघा, बहुतेकांचे हात कमरेच्या बाजूला गेले. हाताला लागतेय ती कटीच्या हाडाची वरची कड. तिथं सांधा नाही. काहींनी खाली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलंय. जवळ आलात, पण ते मांडीच्या हाडाचं बाहेर आलेलं टेंगूळ आहे. आता एक गुडघा उचला. जांघेत घडी पडते, तिच्या मध्यावर बोट टेकवा. सांधा तिथं, आत खोलवर आहे.

‘खुबा’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे, पण तो निघतो घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाचा मोडल्यावर. एरवी सगळी ‘कंबर’च. तालमीत आम्ही सांगतो, ‘कमरेतून वाका’, आणि मुलं खरंच कमरेतून वाकतात. पाठीच्या खालच्या पाच मणक्यांवर सगळा भार येतो, आणि एवढा मोठा, उखळीत मुसळ बसावं तसा बसलेला सांधा नुसता बसून राहतो. कोकणात भात लावणाऱ्या बायकांकडे कधी नीट बघा. पाठ लांब, घडी जांघेत. हे त्यांना कुणी चित्र काढून शिकवलेलं नाही. आपण मात्र खुर्चीत बसून बसून ते विसरलोय, म्हणून आपल्याला चित्र लागतं.

चुकीच्या चित्राची किंमत मी मोजली आहे. भरतनाट्यम शिकताना अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याच्या स्थितीत, पावलं पूर्ण बाहेर वळलीच पाहिजेत, असा आग्रह होता. माझे खुबे तेवढे वळत नव्हते. प्रत्येकाच्या खोबणीची खोली आणि दिशा वेगळी असते, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मग उरलेलं वळण मी गुडघ्यातून काढलं. गुडघ्याचं काम मुख्यतः मिटायचं आणि उघडायचं. वाकलेला असताना तो थोडासा वळतो, एवढंच. आतल्या बाजूला सूज आली आणि पुढे दोन वर्षं मी जिना कठड्याला धरून उतरत होते. मेहनत कमी नव्हती हो, चुकीच्या जागी होती.

अमेरिकेत मेबल टॉड यांनी 1937 सालच्या पुस्तकात मांडलं, की मनातलं चित्र बदललं तर हालचाल बदलते. त्यांच्या शिष्या लुलू स्वाइगार्ड यांनी हीच पद्धत पुढे न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या कलाशाळेत नर्तकांना शिकवली. हाडांची नावं पाठ करून हे साधत नाही. वर्गात सांगाडा असावाच, पण त्याच्यावर बघितलेलं त्याच मिनिटाला स्वतःच्या अंगात शोधायचं. नाहीतर ती परीक्षेची तयारी होते.

आणि शोधायला आधी थांबावं लागतं. 1972 मध्ये कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे एकमेकांच्या स्पर्शातून आणि भारातून आयत्या वेळी सुचत जाणारा नाच, सुरू करणारे अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन विद्यार्थ्यांना नुसतं उभं करायचे. स्थिर उभं राहिलं तरी घोट्यापासून मानेपर्यंत बारीक बारीक सावरणं चालूच असतं. त्याला ते ‘छोटा नाच’ म्हणायचे.

तोच आता करू. पावलं खुब्यांच्या खाली आणा. आता जागा माहीत आहे. गुडघे ताठ करू नका. डोळे मिटा. दोन्ही कानांच्या मधोमध, कवटी कण्याच्या टोकावर टेकते ती जागा शोधा आणि डोकं तिथं अलगद राहू द्या. शरीर कुठं झुकतंय आणि कुठून परत येतंय, तेवढंच बघा. पाच मिनिटं. वेळ मी सांगेन.