म्हातारं काय होतं, अंडाशय की मेंदू?

नमस्कार श्रोतेहो. ऋतुचक्र थांबलं की आपण लगेच म्हणतो, अंडाशयं थकली. उंदराच्या मादीत गोष्ट वेगळी निघाली, आणि ती कशी निघाली हे सांगायला मला फार आवडतं.

तरुण मादीचं चक्र ४-५ दिवसांचं. ती वर्षाची होत आली की ते लांबतं, अडखळतं. पुढे अंडाशयात बीजकोश फुगतात, पण बीज सुटतच नाही. १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये अशाइम या संशोधकांनी सरळ अदलाबदल केली. म्हाताऱ्या मादीची अंडाशयं काढून तरुण मादीत बसवली. निकामी समजलेली तीच अंडाशयं पुन्हा बीज सोडू लागली! उलट, तरुण अंडाशयं म्हाताऱ्या मादीत बसवली, तर त्यांचं काही चालेना. म्हणजे अंडाशयात दम होता. दम होता, पण वरून हुकूम येत नव्हता.

आणखी ऐका. काही माद्यांची अंडाशयं तरुणपणीच काढली होती. त्या तशाच म्हाताऱ्या झाल्या, आणि मग त्यांना तरुण अंडाशयं बसवली. त्यांचं चक्र सुरू झालं! वय तेवढंच. फरक एवढाच की या मेंदूवर आयुष्यभर अंडाशयातल्या संप्रेरकांचा मारा झाला नव्हता.

हुकूम देतो मेंदूतला हायपोथॅलॅमस. तो पीयूषिका ग्रंथीला चेतवतो, ती एलएच संप्रेरकाची लाट सोडते, मग बीज सुटतं. उतारवयाकडे झुकलेल्या मादीत ही लाट उशिरा येते आणि तोकडी येते. उशिरा आणि तोकडी, एवढं ध्यानात ठेवा. शिवाय डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा लगाम सैल पडतो आणि त्याने आवरून धरलेलं पीयूषिकेचं दुसरं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, वाढतं.

जाता जाता सांगतो, कितीतरी वर्षं प्रयोगशाळांनी नर उंदरांवरच भागवलं. मादीचं चक्र म्हणे आकडे बिघडवतं. मला हे कधीच पटलं नाही. जे बदलतं, तेच तर अभ्यासायला हवं.

स्त्रियांत मात्र बीजांचा साठाच संपत येतो, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा त्यांना लावू नका. उंदरांत साठा शिल्लक असतो. म्हणूनच अमेरिकेत जोसेफ माइट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या माद्यांना एल-डोपा दिलं, ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं, तेव्हा अंडाशयांना हात न लावताही काहींचं चक्र पुन्हा चालू झालं.