मशीनवरची गोधडी

श्रोतेहो, नमस्कार.

गोधडी हातानंच शिवायची, मशीनवर शिवली तर ती गोधडीच नव्हे, असं मानणाऱ्या बायका सोलापुरात अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल मला आदरच आहे. पण या समजुतीपायी घरोघरी काय झालंय ते बघा. कपाटावर जुन्या साड्यांची गाठोडी पडून आहेत, कोपऱ्यात शिलाई मशीन झाकून ठेवलंय, आणि गोधडी काही शिवली जात नाही. धावदोरा घालत महिनोन्‌महिने बसायला सवड कुणाला आहे? दिवसभर विड्या वळणाऱ्या किंवा युनिफॉर्मच्या कारखान्यात टिपा मारून घरी येणाऱ्या बाईला ती मिळणार तरी कुठून? म्हणून आज मशीनवरच्या गोधडीबद्दल बोलायचंय. वाकळ म्हणा, कौदी म्हणा, शहराच्या पूर्व भागात कुणी बोंता म्हणेल. रोज दुपारचे दोन-तीन तास दिले तर आठ-दहा दिवसांत होण्यासारखी आहे. कागद-पेन्सिल जवळ घ्या, थोडे आकडे सांगणार आहे.

आधी कापड. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी सुरू झाली तेव्हापासून सोलापूरच्या घराला कापडाची उणीव नाही. गिरण्या बंद पडल्या, तरी चादरी आणि टॉवेल विणले जातात, आणि युनिफॉर्मच्या धंद्यामुळे कात्रणंही निघतात. आपल्या गोधडीला तीन थर लागतात: खाली अस्तराला जुनी सुती साडी, मध्ये जुनी सोलापुरी चादर आणि वर तुकड्यांची जोडणी.

मधल्या थराला चादरच घ्या, असा माझा आग्रह आहे. बाजारात पॉलिस्टरची फुगीर गादी मिळते, ती आपल्या हवेला फार उबते. सुटा कापूस भरला तर तो सरकतो, त्याला बांधून ठेवायला जवळजवळ टिपा माराव्या लागतात. चादर मुळातच विणलेली. ती सरकत नाही, गोळा होत नाही, आणि दोन टिपांमध्ये चार बोटांचं अंतर राहिलं तरी चालतं. वापरून वापरून विरलेली, मऊ पडलेली चादर असेल तर फारच उत्तम. नवी कोरी मात्र घेऊ नका, तिचा जाडपणा घरगुती मशीनला झेपत नाही.

साडी निवडताना ती दोन्ही हातांत ताणून उजेडासमोर धरा. उभे-आडवे धागे सारखे दिसले तर ठीक. कुठे जाळी दिसली तर तेवढा भाग सोडा. मग दोन अंगठ्यांमध्ये कापड धरून जरा जोर लावा. टर्रकन आवाज आला तर त्या साडीचं आयुष्य संपलंय. गोधडीत घातली तरी पहिल्या धुण्यात फाटेल. युनिफॉर्मची कात्रणं बहुधा टेरिकॉटची असतात. ती वरच्या थरात चालतील, पण अस्तराला नकोत, कारण टेरिकॉट घाम फारसा शोषत नाही. सुती आणि टेरिकॉट एकाच पट्टीत जोडू नका. दोघांचं आटणं वेगळं, सांधे पुढे ओढले जातात.

आता काम झपाट्यानं होण्याची खरी युक्ती सांगते. चौकोन एकेक करून कापायचेच नाहीत. तीन-तीन इंच रुंदीच्या लांब पट्ट्या कापा. गडद, फिकी, गडद अशा तीन पट्ट्या लांबीला लांबी लावून जोडा. दुसरा संच उलटा करा: फिकी, गडद, फिकी. प्रत्येक सांध्याला पाव इंच माया, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, ठेवा. जोडलेला पट्टा आठ इंच रुंद भरतो. तो आता आडवा, पुन्हा तीन-तीन इंचांवर कापा. चव्वेचाळीस इंच लांबीच्या पट्ट्यातून असे चौदा तुकडे निघतात, आणि प्रत्येक तुकड्यात तीन चौकोन आधीच जोडलेले असतात! दोन तुकडे पहिल्या संचातले, त्यांच्या मध्ये एक दुसऱ्या संचातला, असे जोडले की नऊ चौकोनांचा एक मोठा चौकोन तयार. आठ इंचांचा, सगळीकडून जोडल्यावर साडेसात इंचांचा दिसतो.

एका माणसाच्या गोधडीला आडवे सात, उभे अकरा, म्हणजे एकूण ७७ मोठे चौकोन लागतात. त्यांतले ३९ नऊ घरांचे, आणि ३८ साधे, एकाच कापडाचे, आठ-आठ इंच कापलेले. आलटून पालटून लावा, चारही कोपऱ्यांत नऊ घरांचाच येऊ द्या. त्यासाठी पहिल्या प्रकारचे सहा पट्टे आणि दुसऱ्या प्रकारचे तीन पुरतात. जोडणी होते साडेबावन्न बाय साडेब्याऐंशी इंचांची. साठ बाय नव्वदची चादर खाली घातली की चारही बाजूंनी साडेतीन-पावणेचार इंच जास्तीची राहते, तेवढी हवीच.

तुकडे जोडताना दर वेळी धागा तोडू नका. एक जोडी सुईखालून गेली की लगेच दुसरी सरकवा. मागे पताकांसारखी माळ तयार होते, ती शेवटी एकदम कापायची. धागा वाचतो आणि वेळ तर कितीतरी वाचतो.

इस्त्रीचा कंटाळा करू नका. प्रत्येक सांध्याची माया गडद कापडाच्या बाजूला वळवून दाबा. असं केलं की शेजारच्या दोन तुकड्यांच्या माया आपोआप विरुद्ध दिशांना वळतात. तुकडे एकमेकांवर ठेवून सांध्यावरून बोट फिरवा. दोन उंचवटे एकमेकांच्या कडेला येऊन अडकलेले बोटाला कळतात. तसे अडकले की समजा, चार चौकोनांचे कोपरे बरोबर एका ठिकाणी भेटणार. डोळ्यांनी जुळवायला गेलात तर वेळ जाईल. बोटावर विश्वास ठेवा.

तिन्ही थर अंथरायला मोकळी फरशी लागते. साडी साडेपाच मीटरची असेल तर तिचे नव्वद-नव्वद इंचांचे दोन तुकडे निघतात. ते शेजारी शेजारी जोडून जास्तीचं कापलं की अस्तर झालं. अस्तर उलटं अंथरा, ताठ करा, कडांना चिकटपट्टी लावा. त्यावर चादर, त्यावर जोडणी. मध्यापासून बाहेर हात फिरवत सुरकुत्या काढा आणि मुठीमुठीच्या अंतरावर सेफ्टी पिना लावा. पिना कमी पडल्या तर मोठा कच्चा धागा घाला, पण ही पायरी गाळू नका. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचं, कापड दाबून धरणाऱ्या फुटाखाली, मागे रेंगाळतं. गोधडीच्या पाठीवर ज्या चुण्या दिसतात त्या इथूनच येतात. पिना जवळ असल्या आणि फुटाचा दाब थोडा सैल केला तर चुण्या पडत नाहीत. जुन्या काळ्या मशीनवर हा दाब वरच्या पेचानं कमी होतो. वरचं कापडही सोबत ओढणारा वॉकिंग फूट मिळाला तर आणखी चांगलं.

सुई सोळा नंबरची, टाका तीन मिलिमीटरचा. आणि इथे नेहमीचा आक्षेप येतो: मशीनची गोधडी पुठ्ठ्यासारखी कडक होते. होते, पण ती टिपांच्या दाटीनं. बारीक टाका, इंच-इंचावर टीप आणि आत नवं जाड कापड, असं असेल तर हातची गोधडीही कडक होईल. टाका मोठा ठेवा, रेषा विरळ ठेवा, कापड जुनं घ्या. टिपा गडबडीत वाढवत जायचा मोह होतो, तो टाळा.

टीप मारायला खडू-पट्टी लागत नाही. आधी मोठ्या चौकोनांच्या सांध्यांतूनच उभ्या-आडव्या टिपा मारा. गोधडी दोन्ही बाजूंनी गुंडाळून घ्या, उजवी गुंडाळी मशीनच्या कमानीखालून जाईल. पहिली टीप मध्याच्या अगदी जवळच्या सांध्यातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग एका अर्ध्या भागाच्या टिपा पूर्ण करा, एकाच दिशेनं. गोधडी फिरवा, दुसरा अर्धा भाग. सगळं पक्कं झाल्यावर तिरक्या टिपा, नऊ घरांच्या कोपऱ्यांतून कोपऱ्यांत. तिरकं कापड ताणलं जातं, म्हणून ती शेवटी. पिन जवळ आली की थांबून काढा.

मशीनच्या डाव्या बाजूला आणि मागे स्टूल किंवा खाट ठेवा. गोधडीचं वजन खाली लोंबलं तर टाके आखडतात आणि सुई मोडते. पायाचं मशीन या कामाला फार चांगलं, वेग आपल्या ताब्यात राहतो. हाताचं मशीन असेल तर चाक फिरवायला घरातल्या कुणाला तरी बसवा, कारण तुमचे दोन्ही हात कापडावरच हवेत.

शेवटी गोट, म्हणजे कडेची पट्टी. आधी जास्तीची चादर आणि अस्तर जोडणीच्या कडेनं कापून घ्या. सगळ्यात जास्त झिजते ती कड, म्हणून इथे नवं, मजबूत, आधी धुऊन घेतलेलं सुती कापड वापरा. अडीच इंचांच्या पट्ट्या, चव्वेचाळीस लांबीच्या सात पुरतात. जोडून, लांबीत दुमडून, उघड्या कडा गोधडीच्या कडेला लावून सुलट बाजूनं टीप मारा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून पट्टी वर दुमडा, मग खाली. पट्टी पलीकडे वळवली की मागे कडा झाकल्या जातात, तिथे मशीनची टीप मारा किंवा हातानं शिवा. हातच्या शिवणीची ज्यांना ओढ आहे त्यांनी ही बाजू हातानं शिवावी. एका संध्याकाळचं काम आहे.

पहिल्या धुण्याला थंड पाणी घ्या, आणि आधी गडद तुकड्यावर ओला पांढरा फडका घासून रंग जातो का बघा. चादरीचा थर पाणी खूप धरतो, म्हणून दोघांनी मिळून हलकेच दाबून पाणी काढा, पिळू नका. एका दोरीवर सगळं वजन टाकू नका. दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवा. आपल्याकडच्या उन्हात रंग लवकर उडतात. वाळल्यावर टिपांच्या कडेनं बारीक सुरकुत्या दिसतील. त्यावर इस्त्री फिरवू नका, सुती गोधडी अशीच बसते.

नमस्कार.