रिकामा डबा परत द्यायचा नाही

(जर्मनीतल्या आपल्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी.

सोलापुरात सध्या गड्डा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा, भरलाय. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज ६८ लिंगांना फिरले, संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या, होम मैदानावर पाळणे लागले. ज्यांनी नंदीध्वज पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बांबूची उंचच उंच सजवलेली काठी असते आणि बाराबंदी घातलेला माणूस ती पेलत चालतो. सगळे त्याच्याकडे बघतात. मला मात्र लहानपणापासून त्याच्या आजूबाजूने चालणाऱ्यांचं अप्रूप. हा दमला की काठी पुढच्याच्या हाती. परदेशात लहान पोरं वाढवणं हीच काठी आहे, फक्त आजूबाजूला गर्दी नाही. तो दमला की ती, ती दमली की तो, आणि दोघं एकदम दमले की टॅब्लेट!

कार्यकारिणीने विषय दिला, ‘रोजच्या संसारातली कृतज्ञता’. खरं सांगू? मी जरा बिचकलेच. हल्ली या विषयाच्या वह्या विकत मिळतात, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. धाकट्याला ताप आलाय, थोरली झोपत नाही, किटाचा, म्हणजे इथल्या पाळणाघराचा, निरोप आलाय की उद्या शिक्षिका कमी आहेत, मुलांना घरी ठेवा. त्यात वही कोण शोधणार? दुसरं म्हणजे हा शब्द बऱ्याचदा बायकांना गप्प करायला वापरतात. दमले म्हटलं की फोनवरून ऐकायला येतं, “तुमचं काय बाई, तिकडे सगळं आहे.” सगळं आहे, मान्य. तरी कंबर दुखतेच.

त्यामुळे मी आमच्या गल्लीत जे पाहिलं तेवढंच बोलते. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. मागच्या बाजूला यंत्रमागांची खटखट, शेजारी तेलुगू बोलणाऱ्या अक्का, समोर कन्नड घर, दोन दारं सोडून उर्दू. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये तीन-चार दिवस जातात, कधी त्याहून जास्त. त्यामुळे पाणी आलं की गल्लीभर हाक जायची, आणि ज्यांचं दार बंद असेल त्यांचे ड्रम शेजारी भरून ठेवायचे. आई परत आली की बघायची, ड्रम काठोकाठ. त्यावर दारात उभं राहून कुणी भाषण करत नसे. दोन दिवसांनी अक्कांच्या घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी जायची, अक्कांचा डबा परत येताना त्यात काहीतरी असायचंच. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर. रिकामा डबा परत द्यायचा नाही, एवढा एकच नियम होता.

इथे आल्यावर वाटलं, आता डबा द्यायला आहे कोण? थोरलीच्या वेळी आईचा व्हिसा लांबला. आला तोही शेंगेनचा नव्वद दिवसांचा, म्हणजे आल्या दिवसापासून परतीचं मोजायचं. त्या मधल्या दिवसांत घरी यायची ती हेबामे, इथली सुईण. ज्यांच्या घरी अजून पाळणा हलायचाय त्यांनी लक्षात ठेवा, बाळंतपणानंतर पहिले दहा दिवस ती रोज येऊ शकते, पुढे बारा आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे, आणि खर्च सरकारी आरोग्य विमा देतो. पण ती मिळणं सोपं नाही. गोड बातमी कळली की लगेच शोधायला लागा. आमची हेबामे झोळीच्या काट्यावर बाळाला तोलायची, टाके बघायची, आणि मग मला विचारायची, “तू आज जेवलीस का?” त्या काळात हा प्रश्न मला दुसऱ्या कुणीही विचारला नव्हता. घरच्यांनीसुद्धा नाही, कारण सगळ्यांना बाळाचा फोटो हवा होता. शेवटच्या दिवशी मी तिला डिंकाचा लाडू दिला. तिने त्यातलं काय-काय ते सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, पुढच्या बाळंतिणीला सांगते.

खाली एक आजी राहतात. पोरांच्या धावण्यावरून त्यांनी एकदा छताला काठीने ठोकलं होतं, म्हणजे ओळख तिथून. नाताळात त्यांनी बिस्किटांची ताटली आणून दिली. मी सवयीने ती तिळाच्या वड्या घालून परत केली. मग ती परत वर आली, सफरचंदाचा केक घेऊन. आता ती ताटली नेमकी कुणाची हे आम्हा दोघींनाही सांगता यायचं नाही. दुपारचं ठोकणं अजून सुरू आहे, बरं का. पण थोरलीला किटातून आणायला उशीर होणार असेल तर मी त्यांनाच फोन करते.

वहीऐवजी आमच्याकडे जेवताना एक प्रश्न असतो, “आज कुणामुळे निभावलं?” थोरलीचं उत्तर बहुतेक वेळा कचऱ्याची गाडी, कारण तिच्यातले काका हात करतात. नवऱ्याचं उत्तर एकदा होतं, मुलाच्या आजारपणाच्या रजा. इथल्या कायद्याने २०२५ मध्ये सरकारी विमा असलेल्या आई-वडिलांना प्रत्येकी एका मुलामागे पंधरा दिवस मिळत होते. किटाचं पहिलं वर्ष काढलेल्यांना या पंधरा दिवसांची किंमत सांगायला नको. काही दिवशी उत्तर असतं, “कुणामुळेच नाही.” तेही चालतं. वरण-भात खाऊन झोपायचं.

परदेशातल्या सोलापूरकराबद्दल बोलायचं आणि डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घ्यायचं नाही, असं कसं होईल? १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यात ते होते. युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी, ग्वो छिंगलानशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले तेव्हा वय ३२, आणि मुलगा काही महिन्यांचा. आपण त्यांचा त्याग सांगतो. मला मात्र त्यानंतरचं जास्त जवळचं वाटतं. पुढे कित्येक दशकं चीनचे नेते भारतात आले की आवर्जून कोटणीस कुटुंबीयांना भेटत राहिले. आमच्या अक्का हे ऐकून म्हणाल्या असत्या, डबा रिकामा नाही पाठवला त्यांनी.

आता माझं काम. आपल्या मंडळात या उन्हाळ्यापर्यंत काही घरी बाळं येणार आहेत, आणि सगळ्यांच्याच आयांना व्हिसा वेळेवर मिळेल असं नाही. पहिले काही आठवडे त्या घरी आळीपाळीने एक वेळचा डबा पोचवायचा, एवढंच मागते आहे. बाळंतिणीला सोसेल असं साधं हवं. शेंगाचटणी दिलीत तर वेगळ्या डबीत, नवऱ्यासाठी. बाळाला बघायला आत जायचं नाही, दारात डबा द्यायचा आणि निघायचं. आणि बाळाच्या आईबाबांनो, या वेळी डबा रिकामाच परत करा, तुम्हाला सूट आहे. डब्यासाठी नावं लिहायची वही तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवली आहे. गुरुवार आमचा, बाकीचे वार मोकळे आहेत.